जाळीघरातली भिंत

माझा माणूस पळवायला त्या मॅडम आल्या होत्या, असं मी अजूनही म्हणतो. घरात म्हणतो, दुकानात म्हणतो, टपरीवर कुणी विषय काढला तर तिथंही म्हणतो. पूर्वी ऐकणारे मान हलवायचे. आता मी सुरू झालो की बायको उठून आत जाते.

तलासरीच्या बाजारात दोर आणि बादल्या विकून मी वर आलो. भाड्याची सायकल, मागे बादल्यांची चळत, पुढे हँडलला सुंभाच्या गुंड्या. संजाणच्या व्यापाऱ्याशी गुजरातीत घासाघीस करायची, ऑफिसात मराठीत गोड बोलायचं, पाड्यावर गेलं की त्यांच्या बोलीतले दोन शब्द टाकायचे. मला कुणी काही दिलं नाही. म्हणून कुणाला काही देताना माझा हात आखडतो, आणि कुणी माझं काही नेतंय असं नुसतं वाटलं तरी डोकं फिरतं. याच स्वभावावर मी डहाणूत दुकान केलं आणि पालघर जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी नाल्यावरच्या जाळीचा ठेका घेतला. मैलापाण्याचं काम म्हणून कुणी पुढे येत नव्हतं. ज्या मालाला गिऱ्हाईक नाही तो माल घ्यावा, हे मी बाजारात शिकलो होतो.

लोकांना वाटतं मैलापाणी म्हणजे सगळी घाण. तसं नसतं. हजार तांबे पाणी घेतलं तर त्यात घाण जेमतेम एक तांब्या. बाकी सगळं आपण आंघोळीला, भांड्यांना, फरशीला वापरलेलं पाणीच. तो एक तांब्या उरलेल्या सगळ्यांना बदनाम करतो. गावाचा मोठा नाला खाडीला मिळण्याआधी आमच्या जागेतून जायचा. आधी लोखंडी गजांची तिरपी जाळी. तिला चिंध्या, पिशव्या, पत्रावळ्या, केसांचे गुंते, निर्माल्य असं सगळं येऊन चिकटायचं. ते लांब दांड्याच्या दाताळ्यानं वर ओढायचं, भोकाभोकाच्या पत्र्यावर निथळू द्यायचं आणि खड्ड्यात चुना टाकून पुरायचं. जाळीच्या पुढे वाळूचे हौद, लांबट, शेजारी शेजारी दोन. तिथं पाण्यानं सेकंदाला फूटभर चालायचं, जास्त नाही की कमी नाही. तेवढ्या चालीत वाळू, खडी, अंड्याची टरफलं तळाला बसतात आणि अन्नाचा, विष्ठेचा हलका भाग पुढे वाहून जातो. पाणी जोरात गेलं तर वाळूही पुढे जाते आणि पंपाचे पंखे खाते. रेंगाळलं तर नको ते सगळं खाली बसून सडतं. हौदांच्या तोंडाशी खाचांमध्ये लाकडी फळ्या असायच्या. त्या वर-खाली करून पाण्याची चाल सांभाळायची. ओहोटीला पाणी आपसूक खाडीत जायचं, भरतीला पंप लावावे लागायचे. खरं शुद्धीकरण पुढे कधीतरी बांधलं जायचं होतं. आमचं काम नुसतं पहिल्या पायरीचं. कागदावर त्याला लांबलचक नाव होतं, आम्ही जाळीघर म्हणायचो.

तिथं कामाला मी सायवनचा एक माणूस ठेवला. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठा, वाळक्या अंगाचा, दीड-दोन एकर भातशेतीवाला. सगळे त्याला मामा म्हणायचे, मीही म्हणायला लागलो. पहिल्या दिवशी कासाला जीप बदलून तो दुकानासमोर येऊन उभा राहिला.

"रोज काय घेशील?" मी विचारलं.

"देशील ते."

घासाघीस न करणारा माणूस मला आवडत नाही. त्याच्या मनात काय चाललंय ते कळत नाही.

"भाताची रोपं लावायची, आवणीला आठ दिवस घरी जाईन," तो म्हणाला. "कापणीला आठ दिवस जाईन. तेवढं दे."

"आवणीला आठ, कापणीला सहा."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "दोन दिवस आधी पिक म्हणून भाताला तू सांगशील का?"

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. तरी मी सातावर आणल्याशिवाय गप्प बसलो नाही.

त्याच्या बोलीत 'तुम्ही' नाही. मला तू, साहेबाला तू, देवालाही तू. त्याचं बोलणं मी इथं माझ्या मराठीत लिहितोय. त्याची चव त्यात उतरणार नाही, पण दुसरा इलाज नाही.

आठवडाभर तो जाळीघरातल्या खोलीत राहायचा आणि रविवारी सायवनला जायचा. त्या दिवसापुरतं दुकानातलं कुणीतरी दाताळं धरायचं. जाळीवर जे निघायचं त्याला तो पीक म्हणायचा. "आज पीक चांगलं आहे शेठ, पाच टोपल्या." त्या पिकावरून त्याला गाव कळायचा. "काल तुझ्या गल्लीत लग्न होतं ना? पत्रावळीला जिलबी चिकटलीय." एकदा म्हणाला, "शेठ, तुझ्या शहरातल्या बायकांचे केस फार गळतात. खातात काय या?" मी हसायचो नाही. मालकानं हसलं की कामाला ढील येते, अशी माझी समजूत होती.

आमचा पहिला मोठा खटका दुसऱ्या महिन्यात उडाला. मी सकाळी गेलो तर एका हौदाचं तोंड फळ्या लावून बंद, सगळं पाणी दुसऱ्यातूनच चाललेलं. ऑफिसचा माणूस येऊन बघेल, अर्धं काम बंद म्हणून शेरा मारेल, म्हणून मी उभ्या उभ्या पेटलो.

"एक हौद बंद? कुणाला विचारून?"

"पाण्याला."

"काय म्हणालास?"

"पाण्याला विचारलं. ते म्हणालं, आज मला चालवत नाही. मग वाट अरुंद केली. आता बघ."

त्यानं चिकूचं एक सुकलं पान हौदाच्या वरच्या टोकाला टाकलं आणि त्याच्या बरोबरीनं काठावरून चालायला लागला, ओठांत आकडे मोजत. खालच्या टोकाला दोघं एकाच वेळी पोचले. "हीच चाल पाहिजे. दोन्ही वाटा उघडल्या तर पान मध्येच झोपतं." मग त्यानं तळातली मूठभर वाळू काढून माझ्या नाकाशी धरली. मी मान मागे घेतली. "वास घे. नाही ना येत? वाळूला वास आला तर समज पाणी आळशी झालं."

खाचरात पाणी कुठून सोडायचं, कुठं अडवायचं हे ज्यानं जन्मभर केलंय त्याला हे सांगायला इंजिनिअर लागत नव्हता. हे मला त्याच दिवशी कळलं होतं. मी मात्र त्याला एवढंच म्हणालो, "यापुढे फळीला हात लावण्याआधी मला फोन करायचा." त्यानं एकदाही केला नाही.

ऑफिसला द्यायची नोंदवही माझ्याकडे होती. ती मी दुकानात बसून भरायचो. जाळीवरचा कचरा रोज चार टोपल्या, वाळू रोज दोन घमेली, पाण्याचा प्रवाह समाधानकारक. गणपतीतही चार आणि पितृपक्षातही चार. आकडा सरळ असला की कुणी प्रश्न विचारत नाही, हे मला ठाऊक होतं. मामाला शाळा नव्हती. तो खोलीच्या आतल्या लांब भिंतीवर कोळशानं खुणा करायचा. प्रत्येक टोपलीला एक उभी रेघ, वाळूच्या घमेल्याला एक तिरपी. हौद बंद केला तर आडवी. वाळूला वास आला तर ठिपका, जास्त वास आला तर दोन. एक ओळ पंधरवड्याची. पुनव झाली की दुसऱ्या दिवशी नवी ओळ, अमावास्या झाली की पुन्हा नवी, बरोबर आधीच्या ओळीखाली. भिंतीचा एक पट्टा भरला की शेजारी दुसरा सुरू. तीन-साडेतीन वर्षांत भिंत दाराच्या चौकटीपर्यंत आली.

"काय सगळं काळं करून ठेवलंयस?" मी म्हणायचो.

"तुझी वही तुझ्याकडे, माझी माझ्याकडे."

मला ती गिचमीड वाटायची. टिपेला गेलेला राग आवरत मी दोनदा तरी म्हणालो असेन की एक दिवस सगळं पुसायला लावीन.

मग त्या मॅडम आल्या. पुढे मोठा शुद्धीकरण प्रकल्प व्हायचा होता, त्याच्या तयारीसाठी बाहेरून नेमलेल्या इंजिनिअर. तरुण, पायात बूट, ओढणी कमरेला खोचलेली. आधी त्यांनी माझी वही पाहिली. पानं भराभर उलटली आणि वही मिटली. मग हात धुवायला पाणी मागत खोलीत गेल्या त्या तासभर बाहेरच आल्या नाहीत.

मी आत गेलो तेव्हा त्या भिंतीसमोर उकिडव्या बसल्या होत्या आणि मामा शेजारी.

"हे ठिपके प्रत्येक पट्ट्यात डावीकडेच का आहेत, मामा?"

"डावीकडे पुनवेनंतरचे दिवस. अवसेनंतरचे दिवस. तेव्हा उधाण असतं. खाडी उलटी चढते, पंप पुरा पडत नाही, पाणी हौदात उभं राहतं. मध्ये भांग असतो, भरती कमी चढते, खाडी नरम असते, तेव्हा बघ, एक ठिपका नाही."

"आणि या आडव्या रेघा?"

"पहिलं वर्ष वास आल्यावर हौद बंद करायचो. मग कळलं, वास यायच्या आधी करायचा. चंद्र बघून." त्यानं हातानं खाली दाखवलं. "इथून पुढे ठिपके कमी झाले."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "अहो, तुम्हाला माहितीय हे काय आहे? आमच्याकडे इतक्या वर्षांचं काहीच नाही. तारखेनं मांडलं असतं तर हे दिसलंच नसतं. यांनी तिथीनं मांडलंय."

मी म्हणालो, "मीच शिकवलंय त्याला सगळं."

मामानं माझ्याकडे पाहिलं नाही. मॅडमनीही नाही.

बाहेर आल्यावर त्या मला बाजूला घेऊन बोलल्या. नव्या प्रकल्पावर कायम ऑपरेटर घ्यायचे होते. शिक्षणाची अट होती, पण मोठ्या साहेबांनी स्वतः काम बघून तसं लिहिलं तर अट शिथिल होऊ शकत होती. "यांच्याकडे सर्टिफिकेट नाही. ही भिंत हेच सर्टिफिकेट." त्यांनी मोबाइलवर फोटो काढले होते, पण खोलीला एकच झरोका, काळपट गिलाव्यावर कोळसा, फोटोत नुसता अंधार आला होता, फ्लॅश मारला तर नुसती चकाकी. "साहेबांना इथंच घेऊन येते. तोवर जपा हे."

जपा म्हणाल्या. हा शब्द मी ऐकला नाही असं मी पुढे बऱ्याच लोकांना सांगितलं. ऐकला होता.

मामाला ही नोकरी कशासाठी हवी होती ते सांगायला हवं. दिवाळी झाली की त्याची बायको वीटभट्टीवर जायची. दीड-दोन एकरांचं भात वर्षभर पुरत नाही. आधी दोघं जायचे, माझ्याकडे लागल्यापासून ती एकटीच जायची, पाड्यातल्या बाकीच्या लोकांबरोबर. आगोटीच्या सुमाराला, पाऊस तोंडावर आला की परत यायची तेव्हा खोकत यायची. कायमचं काम मिळालं तर ती घरी राहील, एवढंच त्याचं गणित. मॅडम गेल्या त्या रविवारी तो सायवनला जाऊन आला आणि मला म्हणाला, "घरी सांगितलं. भट्टीच्या मुकादमाची आगाऊ उचल यंदा ठेवू नको म्हटलं. तिनं परत केली."

ही गोष्ट त्यानं मला आनंदानं सांगितली. आणि मला काय वाटलं? वाटलं, ठरलंसुद्धा याचं. मला विचारलंही नाही. जाळीघर उभं राहिलं माझ्या ठेक्यावर, दाताळं माझं, फळ्या माझ्या, आणि शहाणपण तेवढं याचं. उद्या हा गेला तर उधाणात हौदापाशी उभं कोण राहणार? मी बाजारात पाचशे माणसांशी सौदा केलाय. कुणी माल उचलायच्या आधी मालकाशी बोलायचं असतं. मॅडमनी माझ्याशी बोलायच्या आधी त्याच्याशी तासभर बोलून घेतलं होतं.

घरी हे बोललो तर बायको म्हणाली, "माणूस आहे तो. बादली आहे का?"

"तुला धंद्यातलं काय कळतं?"

"धंद्यातलं नाही कळत. त्याची बायको खोकते ते मी ऐकलंय. दुकानात आली होती ती."

ऑक्टोबरात मामा कापणीला गेला, त्याच्या ठरलेल्या सात दिवसांवर. तिसऱ्या दिवशी ऑफिसातून निरोप आला की सोमवारी मोठे साहेब येणार. साहेब येणार म्हटलं की आमच्याकडे चुना आणि गेरू लागतो. शाळा असो, चौकी असो, दवाखाना असो, झाडांची बुडंसुद्धा पांढरी करतात. त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. मी दुकानातून चुन्याचे डबे काढले, कासाचा एक रंगारी बोलावला आणि शनिवारी सकाळी त्याला कामाला लावून ओट्यावर बसलो.

बाहेरच्या भिंती झाल्या. खाली गेरूचा पट्टा ओढून झाला. रंगारी डोक्याचं फडकं सोडत दारात उभा राहिला आणि आत बघून म्हणाला, "शेठ, आतली पण मारायची? तिथं कायतरी लिवलंय."

त्या वेळी मी काय विचार करत होतो ते मी स्वतःला खूपदा विचारलंय. साहेब येणार, सगळं चकाचक दिसलं पाहिजे, हे मनात होतं. हे खोटं नाही. जपा हा शब्दही मनात होता. आणि या दोन्हींच्या खाली वाळूसारखं काहीतरी जड बसलेलं होतं. रंगारी कुंचला धरून थांबला होता. मला उठून आत जायचीही गरज नव्हती, नुसतं नको म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"आतबाहेर सगळं," मी म्हणालो.

दोन हातांत भिंत पांढरी झाली. दुसऱ्या हाताआधी कोळशाच्या रेघा चुन्यातून फिकट राखाडी दिसत होत्या. तेव्हाही थांबवता आलं असतं. मी रंगाऱ्यासाठी चहा सांगायला टपरीवर गेलो.

सोमवारी पहिल्या जीपनं मामा आला. कापणीचे दोन दिवस सोडून, मॅडमनी निरोप धाडला म्हणून. धुतलेला शर्ट, तेल लावून बसवलेले केस. शर्टाला घडीच्या रेघा होत्या. साहेब अजून यायचे होते. तो खोलीत गेला. मी बाहेर हौदापाशी उगाच एक फळी हलवत उभा राहिलो, आतून ओरडण्याचा आवाज येईल म्हणून. आला नाही. मग मीच आत गेलो. तो भिंतीला हात न लावता, हातभर अंतरावर उभा होता.

"साहेब येणार म्हणून मारला," मी म्हणालो. "रिवाज असतो."

"हां," तो म्हणाला.

साहेब आले. मॅडम पुढे होऊन खोलीत शिरल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. मागून साहेब म्हणाले, "वा! बरंच स्वच्छ ठेवलंय की. बहुतेक ठिकाणी आत पाय ठेववत नाही."

मॅडम माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा पाहून मीच आवाज चढवला. "साहेब येणार म्हटल्यावर चुना लागतोच मॅडम. पानाच्या पिंका असत्या तर तुम्हीच बोलला असता."

"मी तुम्हाला सांगितलं होतं."

"माझ्या लक्षात नाही."

साहेबांना पुढे तलासरीला जायचं होतं. मॅडमनी त्यांना मामाबद्दल सांगितलं, भिंतीबद्दल सांगितलं, उधाणाचं, ठिपक्यांचं. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी मामाला विचारलं, "काय काय लिहिलं होतं भिंतीवर?"

भिंत समोर असती तर मामा बोट ठेवून दिवसभर बोलला असता. पांढऱ्या चुन्याकडे बघत तो म्हणाला, "पाण्याचं."

"बरं. आणि लेखी नोंद आहे का काही?"

मग माझी वही आली. रोज चार टोपल्या, दोन घमेली, समाधानकारक. साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. "यात तर उधाण-बिधाण काही दिसत नाही. असं तोंडी ऐकून मी अट कशी शिथिल करू? उद्या कुणी विचारलं तर दाखवायचं काय?" मॅडम मामाला म्हणाल्या, "तुम्ही सांगा ना, वही खोटी आहे म्हणून." मामानं माझ्याकडे पाहिलं. चिडून पाहिलं असतं तर मला भांडता आलं असतं. "वही शेठची आहे," तो म्हणाला. "त्याची त्याला ठाऊक."

साहेबांनी शेराबुकात स्वच्छतेबद्दल उत्तम म्हणून लिहिलं आणि सही केली. माझा ठेका त्यावर आणखी एक वर्ष वाढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, आसपास कुणी नसताना मी चुना ओला करून खरवडून पाहिला. चुन्याबरोबर कोळसाही निघाला. माझ्या हातांना करडा चिखल लागला. एके ठिकाणी तीन-चार उभ्या रेघा राहिल्यासारख्या वाटल्या. जवळून पाहिलं तर रंगाऱ्याच्या कुंचल्याचे ओरखडे होते.

मामा दिवाळीपर्यंत कामावर आला. पूर्वीसारखाच यायचा, जाळी ओढायचा, फळ्या बघायचा. फक्त पिकाचं बोलायचा नाही आणि भिंतीवर काही लिहायचा नाही. मी एकदा कोळशाचे तुकडे आणून खिडकीत ठेवले. ते त्यानं चुलीत घातले. दिवाळीला घरी गेला तो परत आला नाही.

मी तीन आठवडे वाट पाहिली, म्हणजे तीन आठवडे त्याच्या नावानं शिव्या दिल्या. नवा माणूस ठेवला, तो पुनवेच्या उधाणातही दोन्ही हौद उघडे टाकून झोपायचा. शेवटी टेम्पो काढला आणि कासावरून सायवनला गेलो. रस्ताभर मी सौदा मनात मांडत होतो. रोज वाढवून द्यायचा, आवणीचे दहा दिवस, कापणीचे दहा, खोलीत पंखा. आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्यानं न मागता वाढवायला निघालो होतो.

कारवीच्या कुडाचं, शेणानं सारवलेलं घर. ओट्यावर दोन गाठोडी बांधलेली, एका टोपलीत भांडी, वर उलटा तवा. त्याची बायको दाराला बाहेरून दोर बांधत होती. मी काय ते समजलो.

"भट्टीवर?" मी विचारलं.

"मुकादमाचा ट्रक चारोटीला लागतो," मामा म्हणाला. "यंदा दोघं जातोय. उचल आधी परत केली होती ना, म्हणून आता त्यानं जोडीशिवाय घेत नाही म्हटलं."

मी उभ्या उभ्याच सगळं बोलून टाकलं. रोज, दहा दिवस, पंखा. बोलता बोलता त्यानं काही उत्तर देण्याआधीच मी दहाचे बारा केले. त्याची बायको दोराची गाठ मारता मारता थांबली आणि त्याच्याकडे बघायला लागली.

मामा म्हणाला, "एक विचारू?"

"विचार."

"रंगारी बाजारात भेटला होता. तो म्हणाला, मी शेठला विचारलं होतं, आत लिहिलंय म्हणून. मी म्हटलं, तू खोटं बोलतोस. आमचं भांडण झालं. कोण खरं?"

ओसरीत कोंबड्या फिरत होत्या. खोटं बोलणं सोपं होतं. मी त्यात कच्चा नाही.

"रंगारी," मी म्हणालो. "त्यानं विचारलं होतं. मी म्हणालो, आतबाहेर सगळं."

मामानं मान हलवली. "मग त्याला सांगितलं पाहिजे. मी त्याला लबाड म्हटलं चार माणसांत." त्यानं एक गाठोडं उचललं. त्याच्या बायकोनं पुन्हा गाठ मारायला घेतली.

मी म्हणालो, चारोटीपर्यंत टेम्पोनं सोडतो. त्याला नको होतं, पण ती खोकत होती आणि जीपला वेळ होता. ते मागे सामानाबरोबर बसले. पुढे जागा होती, मी दोनदा म्हटलं, तरी मागेच बसले. आरशात मला तिचा पदर तेवढा दिसत होता.

ट्रक हायवेच्या कडेला उभा होता, आधीच भरलेला. माणसं, कोंबड्या, गोधड्या. मुकादम यांना सगळ्यात मागे, फाळक्यापाशी बसवत होता. माझं डोकं फिरलं. मी गाठोडं खांद्यावर घेऊन त्याच्यावर तुटून पडलो. बाईला खोकला आहे, धूळ सगळी मागे येते, पुढे केबिनपाशी जागा कर, नाहीतर मी बघतो ट्रक कसा हलतो. बाजारात बोलतो तसा बोललो, आधी आवाज चढवून, मग खाली आणून, मग हात जोडून. मुकादम गुटखा चघळत ऐकत राहिला.

"तू यांचा कोण?" त्यानं विचारलं.

मी मामाकडे पाहिलं. तो फाळक्यावरून आत चढून बायकोला हात देत होता. उत्तर तिनं दिलं.

"कुणी नाही," ती म्हणाली. "गाडी दिली त्यांनी इथपर्यंत." आणि माझ्या खांद्यावरचं गाठोडं तिनं वाकून ओढून घेतलं.